चपलांची राखण

खासगी सहल म्हणजे काय, ते आधी सांगते. बसभर अनोळखी माणसांबरोबर कंटाळायचं नसेल, तर जादा पैसे भरून घरच्याच माणसांबरोबर कंटाळायची जी सोय असते, तिला खासगी सहल म्हणतात. गाडी स्वतंत्र, गाईड स्वतंत्र, रुसवेफुगवे स्वतंत्र. त्यातली गाईड म्हणजे मी. राजवाडे, मठ, समाध्या, जुनी प्रार्थनागृहं, जे जे पडायचं राहिलंय ते मी दाखवते. गळ्यात बिल्ला असतो आणि चेहऱ्यावर हसू. दोन्ही सकाळी एकदमच चढवते आणि संध्याकाळी एकदमच उतरवते.

या वेळी माझ्या वाट्याला आलं ते कुटुंब चार दिवसांचं होतं. कुटुंबप्रमुख, म्हणजे साहेब, नोकरीतून निवृत्त झालेले होते. पण ते त्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. येताना त्यांनी प्रत्येक इमारतीवर वाचन करून ठेवलं होतं. मी वाक्य सुरू केलं की ते पुरं करायचे, आणि मग कुटुंबाकडे वळून म्हणायचे, "मॅडम बरोबर सांगतायत." एवढी कौतुकाची थाप मला माझ्या परीक्षकांनीही दिली नव्हती.

त्यांच्या मुलाच्या गळ्यात कॅमेरा होता. मुलाने राजवाडे बघितले की नाही, मला ठाऊक नाही, कॅमेऱ्याने बघितले. सूनबाई मोठी हॅट घालून आल्या होत्या आणि प्रत्येक राजाच्या पलंगाची तुलना हॉटेलच्या गादीशी करत होत्या. त्यात हॉटेल दर वेळी हरायचं. शिवाय साहेबांच्या थोरल्या बहीण, आत्या. आत्यांचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले होते, आणि खर्च वसूल करायच्या इराद्याने त्या दिसेल तो जिना चढत होत्या. एका मनोऱ्यावर तर त्या माझ्याआधी पोचल्या आणि वरून मला हात करत होत्या.

आणि पाचव्या होत्या काकू. साहेबांच्या पत्नी. त्यांची माझी ओळख कुणी करून दिली नाही. पहिल्याच ठिकाणी, मठाच्या दारात, ती आपोआप झाली.

मठात चपला-बूट बाहेर काढायचे असतात. मी नेहमीसारखं सांगितलं, "इथे डावीकडे स्टँड आहे, टोकन मिळतं."

साहेब म्हणाले, "छे छे! सगळ्या जगाच्या बुटांत आपले बूट? कशाला? आमची ही आहे ना."

आणि सगळ्यांनी भराभर बूट काढून काकूंच्या पायाशी ठेवले. कुणी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, खुंटीला टोपी अडकवताना आपण कुठे खुंटीकडे बघतो. काकूंनी बुटांच्या जोड्या नीट लावल्या, आत्यांची पर्स मांडीवर घेतली, सूनबाईंची हॅट पर्सवर ठेवली आणि बाकावर बसल्या. सराव दिसत होता.

"काकू, तुम्ही येत नाही?" मी विचारलं.

उत्तर साहेबांनी दिलं. "नाही, नाही, तिचे गुडघे."

गेटवरच्या माणसाने चार तिकिटांना भोक पाडलं. पाचवं माझ्या हातात तसंच राहिलं. आमच्या कंपनीची पद्धत अशी की जितकी माणसं बुकिंगमध्ये, तितकी तिकिटं सकाळीच काढायची. कोण आत जाणार नाही, हे आधी कुणाला कळतं? या घरात मात्र सगळ्यांना कळत होतं. मी ते तिकीट खिशात टाकलं.

बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "कसं होतं हो?"

साहेब बुटात पाय घालत म्हणाले, "तसं विशेष काही नव्हतं. फोटो दाखवतो ना तुला."

तासभर आत त्यांनी 'वा, वा' करून मठ डोक्यावर घेतला होता. एका साधूचं ध्यान मोडलं होतं. पण बाहेर आल्यावर विशेष काही नव्हतं. पुढचे दोन दिवस हे असंच चाललं. समाधीपाशी बूट होते म्हणून काकू बाहेर. जुन्या राजवाड्यात मोठ्या बॅगा नेता येत नाहीत म्हणून काकू बाहेर. प्रार्थनागृहात बूटही होते आणि बॅगाही, तेव्हा तर प्रश्नच नव्हता. दर वेळी बाहेर येऊन साहेब तेच वाक्य म्हणत, आणि संध्याकाळी फोटो दाखवायची वेळ आली की कॅमेरा चार्जिंगला लावलेला असे.

गुडघ्यांबद्दल मला शंका होतीच. दुसऱ्या दिवशी हॉटेलची लिफ्ट बंद पडली, तेव्हा काकू स्वतःची पिशवी एका हातात आणि आत्यांची बॅग दुसऱ्या हातात घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेल्या, आणि पाणी विसरलं म्हणून परत खाली आल्या. त्या वेळी त्यांच्या गुडघ्यांची आठवण कुणाला झाली नाही.

"मागे एकदा दुखले होते," काकूंनी मला नंतर सांगितलं. "धाकटा पोटात असताना." धाकटा म्हणजे हाच, गळ्यात कॅमेरा असलेला. त्याचे कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते.

हे बोलणं झालं ते प्रार्थनागृहाबाहेर. त्या दिवशी साहेबांनी मला "आज तुम्ही जरा बसा, मीच समजावतो" असं सांगून रजा दिली होती. आतून त्यांचा आवाज घुमत होता. मी काकूंच्या बाकावर बसले. त्यांनी पिशवीतून बिस्किटं काढली, मला दिली आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "ताई, ती निळी खोली शेवटच्या दिवशी ना?"

निळी खोली म्हणजे आमच्या सहलीचं शेवटचं ठिकाण. नदीकाठचा महाल आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर राणीची एक खोली. छत सगळं निळं, आणि त्या निळ्यात नुसते पक्षी. बाकी दालनांत कितीही फिरा, पण या खोलीत थोड्याच माणसांना एका वेळी सोडतात. तिकिटावर वेळ छापलेली असते, आणि ती वेळ गेली की तिकीट गेलं. राजांच्या काळात एवढी शिस्त असती तर राज्य गेलं नसतं.

"तुम्हाला कशी ठाऊक?"

"आमच्या स्वयंपाकघरात आहे ना ती." काकू हसल्या. "औषधवाल्यानं कॅलेंडर दिलं होतं. लग्नानंतर लगेच. वर्ष संपल्यावर खालच्या तारखा फाडून टाकल्या, चित्र ठेवलं. शेगडीच्या वर लावलंय. सकाळ-संध्याकाळ तेच बघते मी. पक्षी पाठ झालेत सगळे. फक्त एक कोपरा सोडून."

"का?"

"धूर." त्यांचा आवाज खाली आला. "तळणीचा धूर जातो ना तिथे. तो कोपरा तपकिरी झालाय, काही दिसत नाही. मी दर वर्षी ओल्या फडक्यानं पुसते, जात नाही. हे पाहुण्यांना दाखवतात. म्हणतात, बघा, एवढं सुंदर चित्र, हिनं धुरानं घालवलं. खरंच आहे म्हणा. एकदा बघायचंय मला, खाली काय होतं ते."

मी तोंड उघडलं. ती खोली मला घरच्यासारखी माहीत आहे, त्या कोपऱ्यात काय आहे हे मी दर सहलीला दाराबाहेर उभी राहून सांगते.

"नको, नको!" काकूंनी माझा हातच धरला. "सांगू नका. बघू दे मला."

तेवढ्यात साहेब आतून आले. "तसं विशेष काही नव्हतं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी जेवताना काकूंनी विषय काढला. ही बाई काही मागते आहे, हे त्या टेबलाला कळायलाच वेळ लागला. त्यांनी भाजीचं भांडं सगळ्यांकडे फिरवलं, मग म्हणाल्या, "उद्या मी येऊ का आत?"

"आत कुठे?" साहेबांनी विचारलं.

"निळ्या खोलीत."

"अगं, त्या महालात जुन्या लाकडाची जमीन आहे. बूट काढायचे, बॅगा न्यायच्या नाहीत, छत्र्या न्यायच्या नाहीत. मग सामान कुणी बघायचं?"

"आणि जिना आहे," आत्या म्हणाल्या. त्यांना जिन्याचं फार होतं.

"आई, मी सबंध व्हिडिओच काढतो ना," मुलगा म्हणाला. "तू घरी आरामात बघ. मोठ्या टीव्हीवर."

सूनबाई म्हणाल्या, "आई, उन्हात बसायचं नाही हं तुम्ही. सावलीतला बाक बघा." हे त्या खरंच काळजीने म्हणाल्या. या कुटुंबात सगळेच काकूंची फार काळजी घेत होते, फक्त बाहेर बसवून.

"असू दे," काकू म्हणाल्या.

मी ग्राहकांच्या घरगुती गोष्टीत बोलत नाही. या धंद्यात पहिल्याच वर्षी मी तो कानाला खडा लावलाय. मी माझी पोळी खाल्ली. पण मला साहेबांचा इतका राग आला की मी उठून हात धुवायला गेले.

शेवटच्या दिवशी महालाच्या दारात नेहमीचा सोहळा झाला. बूट आले, बॅगा आल्या, हॅट आली, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड आला, आत्यांची छत्री आली. काकू सावलीतल्या बाकावर बसल्या आणि सामानाआड हळूहळू दिसेनाशा झाल्या. या महालात बाहेरच्या गाईडना आत सोडत नाहीत; महालाचं स्वतःचं कानाला लावायचं, माहिती सांगणारं यंत्र आहे, ते मध्ये कुणी बोललं तरी थांबत नाही. साहेबांचं त्याच्याशी कसं जमणार, याची मला उत्सुकता होती. मी चार तिकिटं त्यांच्या हातात दिली. "निळ्या खोलीची वेळ शेवटी आहे. तोवर बाकीची दालनं बघून घ्या. पण वेळ चुकवू नका, परत सोडत नाहीत."

"मॅडम, मी आयुष्यात वेळ चुकवलेली नाही," साहेब म्हणाले आणि मोज्यांवर आत गेले.

ते दिसेनासे झाल्यावर मी खिशातून पाचवं तिकीट काढलं.

"काकू, उठा."

त्यांनी तिकिटाकडे बघितलं, मग बुटांकडे. "आणि हे?"

"ते स्टँडवर. टोकन मिळतं."

"यांना नाही आवडणार."

"नाहीच आवडणार," मी म्हटलं. "चला."

काकूंनी स्वतःच्या चपला काढल्या. सगळ्यांच्या बुटांच्या शेवटी त्या नीट जोडून ठेवल्या आणि उठल्या. गुडघ्यातून हूं की चूं आवाज आला नाही. मी सगळं सामान स्टँडवर दिलं, टोकन पर्समध्ये टाकलं, आणि वेळ जवळ आल्यावर त्यांना अंगणातल्या जिन्याने खोलीच्या रांगेत वर पाठवलं. त्यांचा मोबाइल बॅगेत गेला होता. त्यांना त्याची आठवणही नव्हती.

मी परत बाकावर येते न येते, तोच साहेबांचं कुटुंब बाहेर आलं. निळ्या खोलीच्या आतल्या दाराशी पोचताच कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. दुसरी बॅटरी आईकडच्या बॅगेत. आता बॅटरी आणायला चौघांनी येण्याची गरज नव्हती, पण साहेबांना यंत्राबद्दल तक्रार करायची होती, सूनबाईंना हॅट हवी होती आणि आत्या एकट्या मागे राहत नाहीत.

बाकावर काकू नव्हत्या. बूटही नव्हते.

"ही कुठे गेली?" साहेबांनी विचारलं.

"काकू निळी खोली बघायला गेल्यात," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना महालच विकायला काढलाय. "मॅडम, थट्टेची वेळ नाही ही. तिचे गुडघे आहेत!"

"हो. ते घेऊनच गेल्यात. सामान स्टँडवर ठेवलंय, हे टोकन," मी टोकन पुढे केलं.

"ती सामान सोडून जाणारच नाही," साहेब म्हणाले. टोकनाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "काहीतरी झालंय. तू टॉयलेट बघ. तू गाडीकडे जा."

मी दोनदा स्पष्ट मराठीत सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायचा मला पगार मिळत नाही. शिवाय खरं सांगायचं तर, मला बघायचंच होतं. आणि ते बघण्यासारखं होतं. चार सुशिक्षित माणसं मोज्यांवर अंगणभर धावत होती. सूनबाईंनी बायकांचं टॉयलेट दोनदा बघितलं. मुलगा खड्यांवरून नाचत गाडीपर्यंत जाऊन आला. आत्यांनी चहाच्या टपरीत, तिकीटखिडकीत आणि कारंज्यातसुद्धा डोकावून बघितलं. औषधोपचाराच्या खोलीत विचारून झालं. माळ्याला विचारून झालं. सगळं पालथं घातलं, फक्त महाल सोडून.

शेवटी सगळे चौकशीच्या खिडकीशी जमले. तिथे लाउडस्पीकरवर हरवलेल्या माणसांची घोषणा करतात. खिडकीतल्या बाईने नाव विचारलं. नाव साहेबांना आठवलं. आमची ही म्हणत एवढी वर्षं काढलेल्या माणसाने ते पटकन सांगितलं, याचं मला कौतुक वाटलं.

"कपडे कुठल्या रंगाचे?" बाईने विचारलं.

साहेब सुनेकडे बघायला लागले. सून नवऱ्याकडे.

"करडा," मुलगा म्हणाला. "करडा स्वेटर."

"ती करडी बॅग आहे," सूनबाई हळूच म्हणाल्या.

"चष्मा?"

"आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे, वाचताना असतो. बहुतेक."

"चार दिवस समोर बसून जेवतेय ती!" आत्या कडाडल्या. सगळ्यांना धीर आला. "निळं घातलंय तिनं," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "का ते काल होतं?"

बाईने पेन खाली ठेवलं. अशा गिऱ्हाइकांची तिला सवय असावी. "फोटो असेल ना? सहलीचा? तो दाखवा, मी पहारेकऱ्यांना पाठवते."

मुलाचा जीव भांड्यात पडला. फोटो त्याच्याकडे गाडीभर होते, आणि रोज रात्री तो ते मोबाइलमध्ये उतरवून घ्यायचा. तो शोधायला लागला. मठ आला. मठासमोर बाबा. मठासमोर बायको, हॅटसकट. मनोऱ्यावर आत्या. सिंह आला, दगडाचा. सिंहाशेजारी बाबा. राजाचा पलंग, राणीचा पलंग, पलंगाशेजारी बायको. तो बोटाने पुढे पुढे सरकवत गेला, मग भराभर, मग एकदम थांबला. प्रार्थनागृहाच्या दाराचा फोटो होता. छान आला होता. एका कडेला बाकाचं टोक होतं, आणि बाकावरून फ्रेममध्ये आलेला एक हात. हातात आत्यांची पर्स.

"आई," तो म्हणाला. त्याने तो फोटो बोटांनी मोठा केला. हात मोठा झाला, पण त्याच्या मागे कुणी आलं नाही.

साहेबांनी वाकून मोबाइलमध्ये बघितलं. मग ते काकूंच्या बाकाकडे गेले आणि त्यावर बसले. मोज्याला भोक पडून अंगठा बाहेर आला होता. तो झाकायचंही त्यांना सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्यांची कीव आली. अगदी थोडी, पण आली. मी उठले आणि निळ्या खोलीच्या मागच्या दाराशी गेले. खोली बघून झाली की माणसं तिथून बागेत उतरतात.

काकू सगळ्यांच्या शेवटी उतरल्या. कठड्याला हात न लावता.

"ताई!" त्यांनी मला बघितलं आणि माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात गार पडले होते आणि चेहरा लाल झाला होता. "अहो, तो कोपरा रंगवलेलाच नाही! नुसता गिलावा आहे. तपकिरी. त्याच्यावर रेघांनी पक्षी काढून ठेवलेत, रंग भरायचा राहिलाय!"

"हो," मी म्हटलं. "राजा गेला आणि काम थांबलं. तेच मी त्या दिवशी—"

"तिथला पहारेकरी म्हणाला, पहिल्यापासून असंच आहे. कुठल्याही फोटोत असंच दिसतं." त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम. "म्हणजे माझ्या धुरानं नव्हतं गेलं हो ते. मी आपली पुसतेय, पुसतेय."

त्यांनी पदर नाही, रुमाल नाही, सरळ बाहीने डोळे पुसले. बाही पिवळी होती. मी मुद्दाम बघून ठेवली.

आम्ही पुढच्या अंगणात आलो तेव्हा जे व्हायचं ते झालं. मुलगा धावत आला आणि आईच्या गळ्यात पडला. कॅमेरा मध्ये आल्यामुळे ते त्याला नीट जमलं नाही. सूनबाई रडल्या. आत्यांनी "बाई गं, काय जीवाला घोर लावलास" म्हणून पाठीत धपाटा घातला. साहेब उभे राहिले, आणि सुटका झाल्याबरोबर त्यांना राग आला.

"कुठे होतीस तू? आम्ही किती शोधलं!"

"कुठे कुठे शोधलं?" काकूंनी विचारलं. मनापासून विचारलं त्यांनी, टोमणा नव्हता.

साहेबांनी सांगायला सुरुवात केली. टॉयलेट, गाडी, टपरी, कारंजं.

"आत नाही बघितलंत?"

मुलाने घड्याळात बघितलं, मग तिकिटांवर छापलेल्या वेळेकडे. ती कधीच होऊन गेली होती. साहेब तरीही दारवानाशी जाऊन बोलले, आपण कोण होतो तेही त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि जिन्याची साखळी लावली. परतीचं विमान सकाळचं होतं.

स्टँडवर मी टोकन दिलं. बूट आले. काकूंनी आपल्या चपला उचलल्या, पायात घातल्या आणि गाडीकडे चालायला लागल्या. बाकीचं सामान तिथेच फळीवर होतं. चौघं त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग मुलाने बॅगा घेतल्या, सूनबाईंनी ट्रायपॉड घेतला, आणि साहेबांनी आत्यांची पर्स.

गाडी निघाली. मी पुढे चालकाशेजारी बसले होते आणि आरशातून मागे बघत होते. काकू खिडकीशी होत्या. साहेबांनी दोनदा घसा खाकरला. शेवटी त्यांच्याच्याने राहवलं नाही.

"अगं," ते म्हणाले, "कशी होती ती खोली?"

काकूंनी बाहेरून नजर काढली नाही.

"तसं विशेष काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "घरी फोटो आहे ना. बघा तुम्ही."